मैदानापर्यंत केबल

हलिमाचाचीच्या पत्र्यावर पालथी पडून मी केबल ओढत होते, तेवढ्यात खाली प्रतापशेठची बुलेट येऊन थांबली.

"काय वहिनी, पत्र्यावर काय वाळत घातलंय?"

"काही नाही शेठ. आमची जुनी केबल पडलीय ना गावभर, ती गोळा करते."

"काय करणार तिचं?"

"भंगारवाल्याला देणार."

शेठ हसला. गाडीवरून न उतरताच म्हणाला, "न्या, न्या. तेवढीच गावातली घाण कमी होईल. दिगंबरला पाठवू का मदतीला? अर्धा दिवस सुट्टी देतो."

"नको. त्यांना तुमचं काम असेल."

बुलेट फटफटत वेशीकडं गेली. हलिमाचाची खाली शिडी धरून उभी होती. गाडीचा आवाज तिनं पार विरू दिला. मग मान वर करून म्हणाली, "झूट बोललीस ना मंदा?"

"हो चाची."

"मग ओढ नीट. माझा पत्रा फाटला नाही पाहिजे."

ही गोष्ट मोबाइलवर चित्रं दिसायच्या आधीची आहे. आमच्या करंजखडीत केबल टीव्ही पहिल्यांदा आणला तो आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि माझे मालक, दिगंबर खैरनार. घराच्या गच्चीवर डिशची छत्री बसवली. मालक भिंतींवर चढायचे आणि मी खालून केबलचं वेटोळं सोडायचे. केबलच्या टोकाला कनेक्टर बसवायला मी त्यांच्याकडूनच शिकले. पुढं पुढं तर जोड बसवायचं काम ते माझ्यावरच सोपवायचे. म्हणायचे, तुझा हात हलका आहे.

मग प्रतापशेठ आला. सरपंच उत्तमरावांचा हा मेहुणा. त्याच्याकडं चॅनेल जास्त, माणसं जास्त, आणि पाठीशी ग्रामपंचायत. आमच्या वायरी रोज कुठंतरी तुटायला लागल्या. आज इथं जोडावी तर उद्या तिथं कापलेली. गिऱ्हाईक किती दिवस वाट बघणार? वर्षभरात आमची छत्री उतरली. आणि नंतर मालकांनी प्रतापशेठकडंच लाइनमनची नोकरी धरली. मला ते फार लागलं. पण घरात म्हातारी सासू, पोरीचं शिक्षण. मी गप्प बसले.

गायरानाचं निघालं तेव्हा मात्र गप्प बसवेना. गावाच्या खालच्या अंगाला आमचं गायरान आहे. तिथंच झऱ्याची विहीर. आख्खी खालची आळी त्या विहिरीचं पाणी पिते. हलिमाचाचीच्या शेळ्या, ठाकरवाडीची जनावरं, सगळं तिथंच चरतं. ते गायरान खडीक्रशरला द्यायचा घाट उत्तमरावांनी घातला. सुरुंग लागले की झरा राहतोय होय? पोराबाळांनासुद्धा कळत होतं.

गायरान द्यायचं म्हणजे ग्रामसभेचा ठराव लागतो. त्याची युक्ती उत्तमरावांना पाठ होती. सभा घ्यायची ग्रामपंचायतीच्या माडीवरच्या खोलीत. सकाळपासून आपली माणसं आत बसवायची. तालुक्याहून साहेब आला की त्याला खोली गच्च भरलेली दिसायची. आम्ही बायका जिन्यापाशी पोचलो की शिपाई हात आडवा करायचा. "जागा नाही. काय झालं ते नंतर सांगू." दार बंद, खिडक्या बंद. मागच्या दोन्ही सभांना हेच झालं होतं. आत गाव मंजूर म्हणत होतं आणि गाव तर जिन्याखाली उभं होतं.

आणि या वेळची सभा ठेवली होती भारत-पाकिस्तान मॅचच्या दिवशी, भर दुपारी. म्हणजे जे गडी भांडायला येतील तेही घरात टीव्हीपुढं बसलेले.

मला सुचलं ते एका लग्नात. जालिंदर फोटोवाला शूटिंग करत होता आणि जेवणाच्या मांडवात टीव्ही ठेवला होता. नवरा-नवरीवर अक्षता पडताना जेवणारी पंगत टीव्हीत बघत होती. मी पत्रावळीवर भात तसाच ठेवून त्या टीव्हीकडं बघत बसले. ग्रामसभेचं शूटिंग करायला हाच जालिंदर असायचा, कारण तालुक्याच्या साहेबांनी शूटिंग करा म्हणून हुकूम काढला होता. आणि पंचायतीच्या त्या खोलीत एके काळी आमचं कनेक्शन होतं. खिडकीच्या चौकटीला पाडलेल्या भोकातून आमची जुनी केबल अजून बाहेर आलेली होती. खोलीतनं निघून ती देवळाच्या भिंतीवरून, तुळशीराम न्हाव्याच्या दुकानावरून पिठाच्या गिरणीकडं जायची. गिरणीपुढं मैदान. मधेमधे प्रतापशेठच्या माणसांनी ती कापली होती, एवढंच. नवी केबल ओढली असती तर शेंबड्या पोरानंही विचारलं असतं. जुनी तर आधीच जागेवर होती. नुसती तुटलेली ठिकाणं सांधायची होती.

जालिंदरला मी गाठून विचारलं. तो आधी घाबरला.

"ताई, मला याच गावात लग्नं मिळतात."

"तुला काही करायचं नाही. तुझ्या पिशवीत माझी पेटी असेल, ती कॅमेऱ्याला जोडायची आणि तिच्यात खिडकीतली वायर खोचायची. वायरींच्या जंजाळात कुणाला काय कळतंय?"

तो नखं खायला लागला. "माझी आजी पण त्याच विहिरीचं पाणी भरायची," म्हणाला. "द्या पेटी. पण मी काही बघितलेलं नाही."

पेटी म्हणजे मॉड्युलेटर, कॅमेऱ्यातलं चित्र आणि आवाज टीव्हीच्या चॅनेलवर चढवणारी. आमचं सगळं विकलं गेलं तेव्हा ही एक मी धान्याच्या कोठीमागं ठेवून दिली होती.

मधल्या तुटलेल्या जागांसाठी चाचीच्या पत्र्यावरची, न्हाव्याच्या माळ्यावरची, बाभळीत अडकलेली, अशी जमेल तेवढी केबल मी घरी आणली. अंगणात पसारा मांडून बसले. केबल कुजलीय की नाही ते वरून कळत नाही. वरचं काळं रबर छान दिसतं आणि आत टोकातून पाणी शिरलेलं असतं. टोक सोलायचं, आतली जाळी बघायची. काळी पडली असेल तर वीतभर कापायचं, परत सोलायचं. जाळी चकचकीत लागेपर्यंत कापत जायचं. जिथं लागतच नाही तो तुकडा फेकून द्यायचा, त्याचा मोह धरायचा नाही.

सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. "अगं, तू तर शेंगा सोलल्यासारखी सोलतेस."

"आत्या, खरी अडचण पुढंच आहे. ही बघा, ही जाड आणि ही बारीक."

पंचायतीच्या खोलीतून निघणारी केबल आमच्या अगदी सुरुवातीच्या काळातली, बारीक. नंतरची सगळी जाड. दोन्ही जोडता येतात, मधे दोन्हीकडून आटे असलेली छोटी नळी मिळते. पण प्रत्येक केबलला तिच्याच मापाचा कनेक्टर लागतो. आणि माझ्या डब्यात होते ते सगळे जाड केबलचे.

तालुक्याला जाऊन आले. दुकानदार म्हणाला, "बारीकचे आता कोण ठेवतंय? जाडाचाच बसवा आणि वरून टेप गुंडाळा. चालतंय." घरी येऊन तसंही करून बघितलं. सीडी प्लेअर लावला, पेटी लावली, टीव्ही चालू केला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. जोड हातात धरून दाबला की माणूस दिसायचा, सोडला की मुंग्या. कनेक्टरची कड आणि आतली जाळी एकमेकांना धरतच नव्हती. आता सभाभर मी काय न्हाव्याच्या दुकानावर चढून जोड दाबून बसणार होते?

"मग या कुणाच्या टोप्या?" सासूबाईंनी विचारलं.

मी कापून टाकलेल्या टोकांचा ढीग त्यांनी पुढ्यात ओढला होता. त्यात बारीक केबलची जुनी टोकं होती आणि त्यांना कनेक्टर तसेच होते, हिरवे पडलेले. मी एक उचलला. दाबून बसवलेला कनेक्टर एकदा बसला की बसला, काढला की गेला. पण हे पहिल्या काळातले, पिळून बसवायचे होते. पकडीत धरून उलटा पिळला, तर कुरकुरत निघून आला. आतले आटे शाबूत होते.

"पण हे कळकलेत, आत्या."

"पितळच आहे ना? आण इकडं."

सासूबाईंनी चिंच भिजवली, राख घेतली आणि देवाची भांडी घासतात तसे ते कनेक्टर घासून दिले. स्वच्छ धुऊन, काडीला चिंधी गुंडाळून आतून पुसून उन्हात सुपात मांडले. कडकडीत वाळल्यावर मी एकेक पिळून बसवला. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर जराशी येईल एवढीच ठेवायची. जाळीचा एक केससुद्धा तिला शिवू द्यायचा नाही. जोडून टीव्ही लावला. आरशात बघावं तसं चित्र आलं.

मागं बघते तर दारात मालक उभे.

त्यांनी टीव्हीकडं बघितलं, पेटीकडं बघितलं. त्यांना सांगायची गरज नव्हती. पंचायतीची केबल त्यांनीच तर टाकलेली.

"मंदा, हे नको करू."

"का?"

"शेठला कळलं तर माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हणायला तुझं काय जातंय? मी त्यांचं मीठ खातो."

"मीठ त्यांचं खाता. पाणी कुणाचं पिता?"

 सायकल भिंतीला लावायची राहिली होती, ती त्यांनी लावली. मग हातपाय न धुताच आत जाता जाता म्हणाले, "शेठनं मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"नका बोलू," मी म्हटलं. "मला पण त्याचा कंटाळा आलाय."

मधली तुटलेली ठिकाणं मी भर दिवसा जोडली. शिडी घेऊन, डोक्याला पदर बांधून. प्रतापशेठची केबल त्याच भिंतींवरून गेलेली होती. एका काळ्या वायरीशेजारी दुसरी काळी वायर, गावात तिच्याकडं कोण बघतंय? एका म्हाताऱ्यानं विचारलं, "भंगार काढतेस ना गं?" मी म्हटलं, "हो बाबा." तो म्हणाला, "मग खालून वर काय लावतेस?" मी नुसतं हसले. तोही हसला आणि पुढं गेला.

सभेच्या दिवशी गिरणीच्या ओट्यावर हलिमाचाचीचा रंगीत टीव्ही आणून ठेवला. केबलच्या टोकाला टीव्हीत मागून खोचायची पिन बसवली. गिरणीवाल्या जनाबाईंनी वीज दिली. खालच्या आळीच्या बायका आल्या, ठाकरवाडीच्या आल्या. आधी जिन्यापर्यंत जाऊन आल्या, रीतसर. शिपायानं हात आडवा केला, रीतसर. मग सगळ्या मैदानात येऊन बसल्या.

पडद्यावर मुंग्या होत्या. मी जालिंदरच्या नावानं मनातल्या मनात जप करत होते. आणि एकदम उत्तमराव सरपंच दिसले, टॉवेलनं मान पुसताना. पोटावर शर्टाचं बटण तुटलेलं होतं, तेही दिसलं. बायकांमध्ये हशा उसळला.

"अगं बाई, आवाज पण येतोय!"

"गप बसा गं, ऐकू द्या."

तालुक्याहून आलेले विस्तार अधिकारी गवांदे साहेब खुर्चीवर बसलेले दिसत होते. शेजारी आमचे ग्रामसेवक, भामरे भाऊसाहेब. भला माणूस, पण तोंडातनं शब्द म्हणून निघायचा नाही. समोर खोलीभर उत्तमरावांची माणसं. उत्तमराव बोलायला उठले. गाव कसं पुढं जाईल, पोरांना कसा रोजगार मिळेल. मागच्या सभांमध्ये हे काय बोलतात ते आम्हाला कधी कळलंच नव्हतं. "गायरान तसंही पडीकच आहे," असं ते म्हणाले तेव्हा हलिमाचाची मांडीवरची पिशवी टाकून उभी राहिली. "पडीक? माझ्या शेळ्या काय माती खातात?"

तेवढ्यात पडद्याच्या कडेला प्रतापशेठ उठताना दिसला. त्यानं खिडकी किलकिली करून बाहेर बघितलं. मैदानातली गर्दी त्यानं बघितली, ओट्यावरचा टीव्ही बघितला. पुढच्या क्षणी तो पडद्यावरून गायब झाला, आणि थोड्याच वेळात पंचायतीच्या जिन्याखालून मालक येताना दिसले. खांद्यावर शिडी, हातात पक्कड.

न्हाव्याच्या दुकानाच्या कोपऱ्यावर त्यांनी शिडी लावली. तिथं वर एका खिळ्यावरून दोन्ही वायरी गेलेल्या होत्या, आमची आणि शेठची. मी धावत जाऊन शिडीपुढं उभी राहिले.

"मंदा, बाजूला हो."

"नाही होणार."

"शेठनं वायर तोडायला सांगितलंय."

"तुमच्या हातानं टाकलेली वायर आहे ती."

"माहीत आहे मला, कुणाच्या हातानं टाकलेली आहे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी नोकरमाणूस आहे. तोडायला सांगितलं, तोडतो. हो बाजूला."

मी हलले नाही, तर त्यांनी शिडीच उचलून वीतभर सरकवली आणि चढले.  इतक्या वर्षांचा संसार, आणि हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत... मी वर बघितलं नाही. टीव्हीकडं तोंड करून उभी राहिले. पकडीचा आवाज आला. कट्.

पडद्यावर उत्तमराव बोलतच होते.

मला आधी उमगेना. तेवढ्यात वरच्या आळीतून ओरडा आला. मग देवळामागून. मग सगळीकडूनच. "अरे ए! मॅच गेली!" "शेवटची ओव्हर होती की रे!" "कुठं आहे तो केबलवाला?"

मालक शिडीवरून उतरले. पक्कड खिशात घातली.

"कुठली वायर, ते सांगितलं नव्हतं त्यांनी," म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. ते मात्र माझ्याकडं न बघता शिडी घडी करत होते. 

पुढचं सगळं फार भराभर झालं. घराघरांतून गडी बाहेर पडले, शिव्या देत, शोधत. गल्लीतून मैदानात आले तर समोर टीव्ही चालू. आधी मॅच समजून धावले. मग थबकले. "हे काय? ही तर पंचायत!" कुणी खाली बसलं, कुणी गिरणीच्या भिंतीवर चढलं. मैदान भरलं. देवळाच्या पायऱ्या भरल्या. मॅचचं कुणी नाव काढेना, कारण पडद्यावर उत्तमराव कागद हातात घेऊन म्हणत होते, "तर हे गायरान खडीक्रशरसाठी भाड्यानं द्यावं, असा ठराव मी ग्रामसभेपुढं मांडतो. मंजूर?"

"मंजूर!" खोलीतली माणसं ओरडली.

 मग माझ्या सासूबाई, ज्यांना चालतानासुद्धा काठी लागायची, त्या काठी वर उचलून एकट्याच ओरडल्या.

"नामंजूर!"

आणि मग आख्खं मैदान. "नामंजूर! नामंजूर!" बायका, गडी, पोरं. त्या आरोळीनं देवळावरची कबुतरं उडाली. आणि काय नवल, तीच आरोळी टीव्हीतूनही आली! बंद खिडक्यांमधून आमचा आवाज आत गेला होता, कॅमेऱ्यानं तो टिपला होता, आणि आमच्याच केबलमधून तो परत आमच्याकडं आला होता. आपण त्या खोलीत आहोत हे आम्ही आमच्या कानांनी ऐकलं. मग कोण थांबतंय? दुसरी आरोळी पहिलीच्या दुप्पट झाली.

पडद्यावर गवांदे साहेब दचकून उठले. "काय आहे हे?"

"काही नाही साहेब," उत्तमराव म्हणाले. "मॅच चालू आहे ना. पोरं ओरडतात."

साहेब खिडकीकडं गेले. पडद्यावर त्यांची पाठ दिसत होती. खिडकीचे दरवाजे उघडले, आणि मान वर केली तर खुद्द साहेब आम्हाला समोर दिसले. खाली मैदानभर हात वर झालेले. कुणी सांगितलं नव्हतं. मी पण माझा हात वर केला. शेजारी मालकांचा हात वर होता, त्यात पक्कड नव्हती, मोकळा हात.

"कोण लोक आहेत हे?" साहेबांनी मागं वळून विचारलं.

उत्तमराव काही तरी सांगायला पुढं झाले. पण त्यांच्या आधी भामरे भाऊसाहेब उठले. त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला.

"साहेब, ही ग्रामसभा आहे," ते म्हणाले. "खोलीत मावली नाही."

साहेबांनी सभा खाली मैदानात आणायला लावली. ठराव पुन्हा मांडला गेला. उत्तमरावांच्या माणसांनी हात वर केले, आणि त्यातल्या काहींच्या बायका समोरच बसलेल्या होत्या म्हणून ते हात हळूच खालीही आले. ठराव पडला. तेव्हापासून आमच्या गावची सभा मैदानातच भरते. आज इतकी वर्षं झाली, झरा वाहतोय. क्रशरवाले नंतर एकदोनदा येऊन गेले, पण पुढं सरकले नाहीत.

मला मात्र त्या दिवसातलं जास्त आठवतं ते संध्याकाळचं. दिवस मावळायला आला होता. आम्ही दोघं न्हाव्याच्या दुकानापुढून घरी निघालो होतो, आणि प्रतापशेठची बुलेट आडवी आली.

"दिगंबर, उद्यापासून कामावर येऊ नको."

"बरं," मालक म्हणाले.

"आणि तुम्ही वहिनी. तुमची ती भंगार वायर माझ्या खिळ्यांवरून उद्याच्या उद्या काढायची. नाही तर माझी माणसं तोडतील."

मी बोलणार होते. पण मालकच आधी बोलले. शेठपुढं मान वर करून बोलताना मी त्यांना तोवर कधी बघितलं नव्हतं.

"खिळे तुमचे नाहीत शेठ. या गावातला एकेक खिळा मी ठोकलाय, तुम्ही यायच्या आधी. तुमचीच वायर त्यांच्यावर आहे." मग म्हणाले, "राहू दे ती. आम्ही काही तोडत नाही."

 बुलेट चालू करायला शेठला दोनतीन किका माराव्या लागल्या. तो गेला.

मालकांनी न्हाव्याकडून हातोडी मागून आणली. कोपऱ्यावरचा तो खिळा शिडीच्या धक्क्यानं सैल झाला होता. ते चढले, आणि मी खाली शिडी धरली. त्यांनी दोनचार घाव घालून तो पक्का केला.